एकशे बारावं पान

अमावस्येला बेळगावजवळच्या शहापुरात माग बंद असतात. त्या दिवशी गल्लीत एवढी शांतता असते, की शेजारच्या घरात कोण कुणावर खेकसतंय ते आपल्या ओसरीवर बसून नीट ऐकू येतं. त्यामुळे शहाणी माणसं घरची भांडणं अमावस्येला काढत नाहीत. कल्लाप्पांनी मात्र बैठक नेमकी मार्गशीर्षातल्या अमावस्येला बोलावली. त्यांचाही इलाज नव्हता. एरवी दोन्ही मुलगे दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, आणि धोट्याच्या खटखटाटात कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही.

विषय एकच होता. धाकटी सून रुक्मा हिला घरी आणायची का, आणि आणली तर तिची चार वर्षांची पोर मालू तिच्याजवळ द्यायची का.

चैत्रात रुक्माच्या खोकल्यात रक्त दिसलं. तेव्हापासून ती पिरनवाडीजवळ भावाच्या शेतात खोप घालून राहत होती. मालू इथंच राहिली, थोरल्या सुनेकडे, जयाबाईकडे. जयाबाईच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. आठ महिन्यांत मालू तिला आधी ‘थोरली आई’ म्हणायला लागली, मग त्यातलं ‘थोरली’ गळून पडलं. ते कधी गळलं हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. जयाबाईच्या आलं. तिला तो वारसुद्धा आठवत होता.

तसं पाहिलं तर निकाल डॉक्टरांनी दिलाच होता. मागच्याच आठवड्यात धाकट्या शामूनं बायकोला मेव्हण्याच्या गाडीत बसवून, स्वतः मागून अंतर ठेवून चालत, बेळगावात नेऊन तपासून घेतलं होतं. डॉक्टरांनी पुढून मागून नळी लावली, छाती साफ आहे म्हणाले, इंग्रजीत चिठ्ठी लिहून दिली. पण या घरात डॉक्टरच्या चिठ्ठीला कुणी विचारत नसे. या घरात चालायचं ते पुस्तकाचं.

पुस्तक म्हणजे आप्पांचं, म्हणजे कल्लाप्पांचं, पिवळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. त्याचं नाव फार लांब होतं, ते घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नसे. अठरा वर्षांपूर्वी आप्पांचं पोट असं काही बिघडलं, की ताकसुद्धा पचेना. वैद्य झाले, डॉक्टर झाले, देवाचे अंगारे झाले. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी पुण्याहून व्ही.पी.नं हे पुस्तक मागवलं. लिहिणारे गृहस्थ कुणी निवृत्त मामलेदार होते. स्वतःचं पोट स्वतः बरं केल्यावर ते जगाचं बरं करायला निघाले होते. पहाटे तांब्याभर पाणी प्यायचं, कोवळ्या उन्हात उघड्या अंगानं बसायचं, हातसडीचा तांदूळ, भिजवलेले शेंगदाणे, चहा बंद, तंबाखू बंद, मिरची नावालाच, आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. आप्पांनी सगळं अक्षरशः केलं आणि तीन महिन्यांत भाकरी पचवून दाखवली. तेव्हापासून पुस्तकाला देव्हाऱ्याशेजारचा कोनाडा मिळाला.

आप्पा जेवायला बसले की गल्लीतली पोरं दारात उभी राहून त्यांचे घास मोजायची. "एकोणतीस, तीस, एकतीस... गिळला रं, गिळला!" असा ओरडा झाला की आप्पाही हसायचे, पण पुढचा घास बरोबर बत्तीस चावायचे. थोरला भरमा रोज संध्याकाळी ‘सूत बघून येतो’ म्हणून बाजारात जायचा, चहा प्यायचा आणि तोंडात वेलदोडा टाकून परत यायचा. सगळ्या घराला ठाऊक होतं. आप्पांनाही होतं. पण पुस्तकाचा मान राहतोय ना, मग वेलदोड्याच्या वासाबद्दल कशाला बोलायचं!

गेल्या चार वर्षांत आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि वाचायचं काम जयाबाईकडे आलं. भरमाला अक्षराची ओळख नव्हती. शामू लहानपणी गोकाकला मामाकडे राहिला, तिथं कानडी शाळेत शिकला. कानडी पेपर तो घडाघडा वाचायचा, मराठी पानापुढे मात्र मुका. जयाबाई मराठी चौथी झालेली. रोज दिवेलागणीला ती कोनाड्यातलं पुस्तक काढायची, एक पान मोठ्यानं वाचायची, आणि ती जे वाचेल ते घर ऐकायचं.

एकशे बारावं पान तिनं चैत्रात वाचलं होतं. दारात गाडी उभी होती, रुक्माचं बोचकं गाडीत चढलं होतं, आणि मालू जयाबाईच्या मांडीवर झोपलेली होती. पानावर छापलं होतं, ‘लहान मुलांस अशा रोग्यापासून सहा महिने, अथवा छाती साफ झाल्याची खात्री होईपर्यंत, दूर ठेवावे.’ जयाबाईनं वाचलं, ‘लहान मुलांस अशा रोग्यापासून दोन वर्षे दूर ठेवावे.’

तिनं ठरवून केलं नव्हतं. डोळे सहा महिन्यांवर होते आणि तोंडातून दोन वर्षं बाहेर पडली. लगेच ‘चुकलं’ म्हणता आलं असतं. तिनं ते म्हटलं नाही, रुक्मानं मान हलवली, गाडी गेली. त्यानंतर जयाबाईला पुस्तक हातात घेताना रोज भीती वाटायची, आणि तरी मालू गळ्यात पडली की ती भीती तिला परवडायची.

इंदुताई सकाळच्या मोटारीनं निपाणीहून आली. ही आप्पांची मुलगी, भरमापेक्षा धाकटी, शामूपेक्षा थोरली. नवरा तंबाखूच्या वखारीत मुकादम, त्यामुळे ती उंबऱ्यातून आत आली की आप्पांना शिंका यायच्या. आजही तीन आल्या.

"शिंका, आप्पा, शिंका. माझ्या घरची लक्षुमी हाय ती," इंदुताई पाय धुता धुता म्हणाली. "आता इषय काढा बघू. मला तीनची मोटार गाठायची हाय."

"इषय काय," शामू म्हणाला. तो आधीच ताठ बसला होता. "डॉक्टर म्हनला छाती साफ हाय. मी उद्या जाऊन तिला घिऊन येनार."

"आन म्हातारी कोतारी, पोरंबाळं असलेल्या घरात आनून बसवनार?"

"म्हातारी कोन हाय हितं?"

"आप्पा हाईत की. आन मालू?" इंदुताईनं आवाज खाली आणला, कारण मालू मागच्या परड्यात कोंबड्यांना दाणे टाकत होती. "हे बघ शामू, मला का रुक्माचं वाईट वाटत न्हाय व्हय? पर आईच्या टायमाला बी डॉक्टर म्हनलाच हुता, बरी हाय, बरी हाय. आई गेली. पुस्तकात दोन वर्सं म्हनलंय म्हंजी दोन वर्सं. ज्या पुस्तकानं आप्पास्नी मरनाच्या दारातनं आनलं, त्ये खोटं सांगंल?"

जयाबाई पाट्यापाशी बसून खोबरं वाटत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"दादा, तू बोल की," शामूनं थोरल्या भावाकडे पाहिलं.

भरमानं मागाच्या खोलीकडे पाहिलं. मालू रोज दुपारी त्याच्या मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसून ‘काका, आता लाल, आता हिरवा’ असं त्याला सांगत असे, आणि तो मुद्दाम चुकीचा धोटा उचलत असे. बारा वर्षांत या माणसानं मूल नाही म्हणून एक शब्द काढला नव्हता. आता तो शेंडीवरून हात फिरवत म्हणाला, "मी काय सांगू? पोरगी हितं रमलीया."

"रमलीया!" शामू उठून उभा राहिला. "आरं, पोरगी रमलीया. आन तिची आई?"

पुढचं त्याला बोलता येईना. दर अमावस्येला तो चालत पिरनवाडीला जायचा. पुस्तकात दहा पावलं म्हटलं होतं, म्हणून दहा पावलांवर बसायचा. मधे शेतातले चार वाफे. रुक्मा खोपीच्या दारात. ती विचारायची, "मालू कितपत झाली?" तो उभा राहून मांडीशी हात धरून दाखवायचा. मग ती खोपीच्या मेढीवर तेवढ्या उंचीला विळ्यानं रेघ ओढायची. नवऱ्यानं यायचं, हात धरून उंची दाखवायची आणि संध्याकाळच्या आत परत फिरायचं, असे आठ महिने गेले होते. बायकोच्या अंगाला हात लावावा असं शामूला इतकं वाटायचं, की परतीच्या वाटेवर तो कुणाशी बोलत नसे. ही गोष्ट थोरल्या भावापुढं, बहिणीपुढं, बापापुढं सांगायची कशी? तो पुन्हा खाली बसला.

"आप्पा, तुमी सांगा," इंदुताई म्हणाली.

आप्पा उन्हाच्या दिशेला तोंड करून बसले होते. "जेवनं होऊ द्या," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडी हे वाक्य आलं म्हणजे त्यांना काही बोलायचं नाही, हे मुलांना लहानपणापासून ठाऊक होतं.

तेवढ्यात बाहेर बैलांच्या गळ्यातले घुंगूर वाजले.

रुक्मा कुणाला न विचारता आली होती. भाऊ नागोजी याला तिनं पहाटेच गाडी जोडायला लावली होती. पण ती उंबऱ्याशी आली नाही. समोरच्या पिंपळाच्या पारापाशी उतरली, तिथंच पारावर टेकली. दारापासून बरोबर दहा पावलं. तिला ती मोजावी लागली नाहीत, आठ महिन्यांत नजरेला तेवढं अंतर पाठ झालं होतं.

सगळं घर दारात आलं. सगळ्यांच्या मागून, जयाबाईच्या लुगड्याला धरून, मालू आली.

रुक्मानं तिला पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हे, की मेढीवरच्या सगळ्या रेघा चुकल्या. पोर त्यापेक्षा चांगली चार बोटं उंच होती. अंगात हिरवं परकर-पोलकं, केसांची घट्ट वेणी, गाल वर आलेले. ही माझी पोर, आणि हिच्या अंगाला आता कसला वास येत असेल ते मला माहीत नाही, असं तिला वाटलं. तिनं हात पुढे केले नाहीत. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आये, त्या कोन हाईत?" मालूनं जयाबाईला विचारलं.

नागोजी उगाच बैलाच्या पाठीवर हात फिरवायला लागला.

"आत ये की गं," शामू म्हणाला.

"न्हाय," रुक्मा म्हणाली. "आप्पा, मी भांडायला आलेली न्हाय. डॉक्टर एक म्हनतोय, पुस्तक एक म्हनतंय. मला वाचता येत न्हाय. त्ये पान तेवढं एकदा माझ्या म्होरं वाचून दाखवा. गाडीत चढताना घाईत ऐकलं हुतं, नीट ध्यानात न्हाय. सोताच्या कानानं ऐकलं म्हंजी मनाला सांगता ईल. अजून सोळा म्हयनं काढायचं असलं तर काढीन की. न्हाय म्हनत न्हाय मी." तिनं जयाबाईकडे पाहिलं. "आक्का, तू वाच. तुझं वाचनं लई सोच्छ असतंय."

जयाबाई कोनाड्याकडे गेली. पुस्तक काढताना तिचे हात खोबऱ्यानं ओशट होते, ते तिनं पदराला पुसले. दारात येऊन तिनं पान उघडलं. अक्षरं स्पष्ट होती. सहा महिने. तिनं मालूकडे पाहिलं. मालू एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायानं पोटरी खाजवत होती. हिला थंडीत पोटऱ्या फुटतात, रोज तेल लावावं लागतं, खोपीत कोण लावणार, असं जयाबाईनं स्वतःला सांगितलं. ते कारण नव्हतं आणि तिला ते कळत होतं.

"लहान मुलांस अशा रोग्यापासून," ती वाचू लागली, "दोन वर्षे दूर ठेवावे."

रुक्मानं मान हलवली. "बरं."

ती पारावरून उठली, नीट उभी राहिली आणि हसली. "आक्का, केस किती छान राखलीस गं तिचं. माझ्याकडं असती तर निसत्या उवा. तू हुतीस म्हनून मी तितं जिती राह्यले बघ. रातचं वाटायचं, जाऊ दे, आक्का हाय तितं."

इंदुताईनं डोळ्याला पदर लावला. "आप्पा, लई कडक हाय तुमचं पुस्तक," ती म्हणाली. तीनच्या मोटारीची घाई असलेली ही बाई घटकाभरात पुस्तकाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभी राहिली होती. "एकदा पोरीला जवळ घिऊ द्या की तिला. एवढ्यानं काय हुतंय?"

"नको ताई," रुक्मा म्हणाली. "एकदा घेतली तर मला सोडवायची न्हाय." आणि ती गाडीकडे वळली.

आप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. डोळ्यांपुढे नुसतं दूध पसरल्यागत पांढरं होतं, पण ते पान त्यांना दिसत होतं. पुस्तक त्यांनी चाळीस वेळा वाचलं असेल. एकशे बाराव्या पानावर काय छापलंय ते त्यांना चैत्रातही ठाऊक होतं. सुनेनं चुकीचं वाचलं तेव्हा ते गप्प बसले, कारण त्या पुस्तकातलं एक पान त्यांनीही घरापासून लपवलं होतं. आणि जयाबाई दर वेळी वाचताना तेराव्या पानावरून सरळ सोळाव्यावर जात होती, मधली पानं का उघडत नाहीत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. सासरा आणि सून एकमेकांना सांभाळून होते, एकही शब्द न बोलता.

"जया," आप्पा म्हणाले, "थांब. पुस्तक मिटू नको."

गाडीत चढणारी रुक्मा थांबली.

"चौदावं पान काढ."

"त्ये चिकटलंय, आप्पा."

"चिकटलं न्हाय. म्या चिकटवलंय. चौदा आन पंधरा. सुताला लावायची खळ लावून म्या सोता चिकटवलंय." शब्द एकेक करून येत होते. "उघडू नको, फाटंल. मला पाठ हाय. ‘जेथे माणसे दिवसभर बसून काम करितात त्या खोलीच्या खिडक्या सदैव उघड्या असाव्यात. कोंदट व दमट जागेत बसणाऱ्यांस छातीचे विकार जडतात.’ असं लिवलंय."

भरमा आणि शामू एकमेकांकडे पाहू लागले. मागाच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती चिखलानं लिंपून बंद केलेली होती. गल्लीतल्या सगळ्याच घरांत तशी असे. कोरडं वारं लागलं की रेशमाचा ताणा तडातडा तुटतो, म्हणून खोली बंद आणि ओलसर ठेवायची, हे विणणाऱ्याच्या घरात मूल रांगायला लागल्यापासून शिकतं.

"माझ्या बानं ती खिडकी लिंपली. म्या दर साली लिंपली. तुमची आई अकरा वर्सं त्या खोलीत सुताच्या कांड्या भरत बसली. ती गेली, आन दोन वर्सांनी ह्ये पुस्तक आलं. पान वाचलं तवा म्हनलं, ह्ये खरं असंल तर सोनाला म्या मारली की रं." आप्पा आता उघडउघड रडत होते. "मग खळीचं भांडं आनलं. पोटापुरतं पुस्तक पाळलं. बत्तीस घास पाळलं. ह्ये पान तेवढं झाकलं. आन रुक्माला बी त्याच खोलीत कांड्या भरायला बसवली, सहा वर्सं."

"आप्पा, बसा खाली," भरमा म्हणाला. त्यानं त्यांना धरलं.

"बसतो. आदी हिला वाचू द्या. जया, म्या माझं पान सांगितलं. तू तुझं वाच. जसं छापलंय तसं."

जयाबाईनं पुन्हा एकशे बारावं पान काढलं. तिनं वाचलं. "लहान मुलांस अशा रोग्यापासून सहा महिने, अथवा छाती साफ झाल्याची खात्री होईपर्यंत, दूर ठेवावे."

गल्लीत कुणीतरी दार उघडून बाहेर आलं आणि लगेच आत गेलं.

"वैनी!" इंदुताई ओरडली.

रुक्मा हळूहळू बोटं मोजत होती. "सहा म्हयनं म्हंजी दिवाळीला संपलं हुतं," ती म्हणाली. "दिवाळीला म्या खोपीच्या म्होरं शहापूरच्या अंगाला तोंड करून पनती लावली. म्हनलं, मालूला दिसायची न्हाय, पर लावू तरी."

"म्या खोटं वाचलं," जयाबाई म्हणाली. "चैत्रात तोंडातनं आपसुक गेलं. मुद्दाम न्हाय वाचलं." ती थांबली. "आत्ता वाचलं त्ये मात्र मुद्दाम."

शामू तिच्या अंगावर धावला असता, पण मधे भरमा उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं धाकट्या भावाच्या छातीला हात लावून त्याला मागं सारलं. "माझ्या बायकुला काय बोलायचं त्ये मी बोलंन," तो म्हणाला, पण बोलला काहीच नाही. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कुणासाठी होतं हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"हिला माहेरला धाडा," शामू ओरडला. "आजच्या आज!"

"तुमी गप बसा बघू," रुक्मा म्हणाली.

ती चालत आली. दहा पावलं, मग उंबरा. जयाबाईसमोर येऊन उभी राहिली. दोघी जावा आठ महिन्यांनी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या होत्या. जयाबाईनं मान खाली घातली, थप्पड बसेल म्हणून वाट पाहिली. बसली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"आठ म्हयनं तू माझी पोर जपलीस," रुक्मा म्हणाली. "त्यातलं दोन म्हयनं चोरलीस. दोनी खरं हाय. माझ्यात आज भांडायचं बळ न्हाय, आक्का. मला माझी पोर घिऊ दे."

घेणं तितकं सोपं नव्हतं. रुक्मा खाली बसून हात पसरायची आणि मालू जयाबाईच्या मागं दडायची. आप्पांनी हाक मारली, शामूनं गूळ दाखवला, इंदुताईनं निपाणीहून आणलेली बाहुली पुढं केली. मालूनं गूळ घेतला, बाहुली घेतली आणि परत जयाबाईच्या मागं जाऊन उभी राहिली. सगळे हसले, रुक्मासुद्धा. पण तिचं हसणं लगेच आटोपलं.

जेवणं कशीबशी झाली. आप्पांनी त्या दिवशी घास मोजले नाहीत. जेवण होताच त्यांनी दोन्ही मुलांना पहार घेऊन मागाच्या खोलीत पाठवलं. भरमा एकदाच म्हणाला, "आप्पा, मागावर अर्धं लुगडं हाय. ताणा तुटंल." आप्पा म्हणाले, "तुटू दे." इंदुताईची मोटार कधीच गेली होती आणि तिनं तो विषयही काढला नाही. आतून चिखलाची ढेकळं पडल्याचा आवाज येत राहिला.

स्वयंपाकघरात दोघी जावा समोरासमोर बसल्या.

"तिला काय आवडतंय, काय न्हाय, त्ये सगळं सांग," रुक्मा म्हणाली. "मला आता कायबी ठावं न्हाय तिचं."

जयाबाईनं सांगायला सुरुवात केली. भाकरीचा पापुद्रा आधी खाते, मग खालचं. दूध गुळाचं लागतं, साखरेचं तोंडात धरत नाही. कोंबड्या आवडतात, पण कोंबडा जवळ आला की रडते. वेणी घालताना गोष्ट सांगावी लागते, राक्षसाची चालते, मेलेल्या राजाची चालत नाही. पोटऱ्यांना तेल लावायचं, आधी डाव्या, नाहीतर रुसते. ‘ढ’ म्हणता येत नाही, त्याला हसायचं नाही. जयाबाई सांगत होती आणि रुक्मा ओठ हलवून पाठ करत होती. एकेक गोष्ट सांगून झाली की जयाबाईला वाटायचं, हीही गेली.

"आनि झोपताना?" रुक्मानं विचारलं.

जयाबाईनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं.

"झोपती आपली आपन," ती म्हणाली.

मालू आपली आपण झोपत नसे. आठ महिन्यांत एकही दिवस झोपली नव्हती. तिला जयाबाईच्या कानाची पाळी लागायची. दोन बोटांत धरून ती चोळत राहायची, हळूहळू बोटं सैल व्हायची आणि मग श्वास लांब व्हायचा. जयाबाईनं त्यासाठी उजव्या कानातलं फूल काढून ठेवलं होतं. एवढं एक तिनं सांगितलं नाही. सगळं दिलं, आणि हे एवढं लुगड्याच्या गाठीला बांधून ठेवावं तसं स्वतःजवळ ठेवलं.

दुपारच्या झोपेची वेळ झाली. रुक्मानं कुरकुरणाऱ्या मालूला उचलून मधल्या खोलीत नेलं. थोड्या वेळानं रडणं सुरू झालं. आधी हट्टाचं, मग खरंखुरं. "आये, आये," मालू हाका मारत होती आणि रुक्मा प्रत्येक हाकेला "व्हय गं, मी हाय की" म्हणत होती. जयाबाई चुलीपुढं बसून राहिली. उठून जावं, त्या पोरीचा हात धरून तिच्या कानाला लावून द्यावा, एवढंच तर करायचं होतं. ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. माझ्यावाचून हिला झोप येत नाही, हे तिला ऐकायचं होतं. अजून थोडा वेळ, एवढंच तिला हवं होतं.

मग रडणं थांबलं.

जयाबाई दाराशी गेली. मागाच्या खोलीच्या उघड्या खिडकीतून मधल्या खोलीतही नवा उजेड आला होता आणि त्यात मातीचा धुरळा तरंगत होता. रुक्मा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, गालावरून पाणी वाहत होतं. मालू तिच्या मांडीवर आडवी झाली होती. डोळे मिटलेले, हुंदके अजून येतच होते, पण एक हात वर गेला होता. दोन बोटांत रुक्माच्या कानाची पाळी होती. कुणी सांगितलं नव्हतं. पोरीनं आपला आपण कान शोधून काढला होता.

जयाबाई तशीच उभी राहिली. बोटं सैल झाली, श्वास लांब झाला. तिनं पदर पुढं ओढला आणि आपला उजवा कान झाकून घेतला.